चार हजारांतली एक रिकामी जागा

सेलेनियम ६८५ अंश सेल्सियसला उकळतं. बिस्मथ सेलेनाइड वितळतं ते ७०५ अंशांच्या आसपास. म्हणजे बिस्मथ आणि सेलेनियम एकत्र वितळवून त्यांचा स्फटिक करायचा, तर भट्टी त्यातल्या एका घटकाच्या उकळबिंदूच्या पुढे न्यावीच लागते. सेलेनियमला पळायला वाट राहू नये म्हणून दोन्ही मूलद्रव्यं क्वार्ट्झच्या नळीत भरतात, पंप लावून आतली हवा काढतात आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून कायमचं बंद करतात. मग भट्टी. आधी सगळं नीट वितळून एकजीव होईपर्यंत तापवायचं, मग तापमान तासाला काही अंश अशा धीम्या गतीनं उतरवायचं. काही दिवसांनी नळी फोडली की आत करड्या-चंदेरी रंगाचा, आरशासारखा चकाकणारा खडा मिळतो. सेलेनियम नळीबाहेर गेलेलं नसतं. स्फटिकातल्या काही जागा मात्र त्यानं सोडलेल्या असतात.

किती जागा? साधारण चार हजारांमागे एक.

हा आकडा मी कुठून आणला ते पुढे सांगतो, कारण तो हिशोब कोणालाही कागदावर करता येण्याजोगा आहे. आधी इतकंच सांगतो, की या शतकात घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात जी सर्वांत देखणी कल्पना पुढे आली, तिला या चार हजारांतल्या एका रिकाम्या जागेनं वर्षानुवर्षं अडवून धरलं. कल्पना मांडणाऱ्यांची नावं आज पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या रिकाम्या जागेशी झुंजणाऱ्यांची कथा मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. म्हणून हा लेख.

०

१९८० च्या फेब्रुवारीत क्लाउस फॉन क्लिट्झिंग हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या प्रबळ चुंबकांच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या एका ट्रान्झिस्टरवर मोजमापं घेत होते. अतिथंड तापमान, अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र. ट्रान्झिस्टरचा आडवा विद्युतरोध वाटेल त्या किमतीवर न थांबता २५,८१२.८ ओहम या आकड्यावर, त्याच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर, चौथ्या हिश्श्यावर असा पायऱ्या-पायऱ्यांनी थांबत होता. नमुना बदला, त्याची लांबी-रुंदी बदला, त्यात अशुद्धी थोडी कमी-अधिक असू द्या, पायऱ्या तिथंच. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं आणि पुढे तो आकडा विद्युतरोधाचं जागतिक प्रमाण ठरला.

मातकट, दोषयुक्त नमुन्यातून इतका निर्मळ आकडा कसा निघतो? डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८२ साली उत्तर दिलं: हा आकडा पदार्थाच्या तपशिलावर अवलंबून नाही, इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांना पडलेल्या एका गाठीचा तो आकडा आहे. दोरीला गाठ मारली की दोरी चुरगळा, मळवा, ताणा, गाठ तशीच राहते. ती घालवायची तर दोरी कापावी लागते. आकार बदलला तरी जे गुण टिकतात त्यांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे टोपोलॉजी, आणि ही गाठ त्या अर्थानं टोपोलॉजिकल.

२००५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चार्ल्स केन आणि यूजीन मेले यांनी दाखवलं, की बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसतानाही अशी गाठ पडू शकते. २००७ साली जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गमध्ये मर्क्युरी टेल्युराइडच्या काही नॅनोमीटर जाड थरात तिचा पुरावा मिळाला. त्याच सुमारास ही कल्पना जाड, त्रिमितीय पदार्थांनाही लागू पडते हे सिद्धांतानं सांगितलं. अशा पदार्थाचं पोट इन्सुलेटरचं, म्हणजे विद्युतरोधकाचं, असतं. बाहेरच्या हवेत किंवा पोकळीत मात्र गाठ नसते. आत गाठ, बाहेर गाठ नाही, तर पृष्ठभागावर कुठेतरी दोरी कापली जायलाच हवी, आणि जिथं ती कापली जाते तिथं वीज वाहते. म्हणून पोट बंद, पृष्ठभाग वाहता. पृष्ठभाग खरवडून काढला तर खालचा नवा पृष्ठभाग वाहू लागेल. या पदार्थांचं नाव टोपोलॉजिकल इन्सुलेटर.

२००८ साली प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटानं बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रधातूत असा पृष्ठभाग पाहिला. २००९ साली बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड पुढे आले आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं. बिस्मथ सेलेनाइड तर मागून घेतल्यासारखं होतं. त्याचा ऊर्जेतला रिकामा पट्टा, ज्यामुळे पोट विद्युतरोधक व्हावं, तो ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतका रुंद. खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडक असते ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टची. म्हणजे पट्टा तिच्या बारापट. कागदावर हा पदार्थ आपल्या दिवाणखान्यातसुद्धा टोपोलॉजिकल इन्सुलेटर असायला हवा होता.

खड्याला तारा जोडल्या, तर तो धातूसारखा वाहत होता. पोटातून.

०

आता तो हिशोब. बिस्मथ सेलेनाइडच्या साध्या पद्धतीनं वाढवलेल्या स्फटिकात घन सेंटिमीटरमागे सुमारे एकावर एकोणीस शून्यं इतके मोकळे इलेक्ट्रॉन आढळतात. सेलेनियमचा एक अणू जागा सोडून गेला की जे दोन इलेक्ट्रॉन त्याच्या बंधात अडकून राहिले असते ते मोकळे होतात. म्हणजे रिकाम्या जागा मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या निम्म्या, एकाच घन सेंटिमीटरमध्ये पाचावर अठरा शून्यं. त्याच घन सेंटिमीटरमध्ये सेलेनियमचे एकूण अणू दोनावर बावीस शून्यं, हे अणूंमधल्या अंतरांवरून काढता येतं. भागाकार करा: चार हजारांमागे एक.

आणि यानं इतकं बिघडतं काय? पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते चौरस सेंटिमीटरमागे फार तर एकावर तेरा शून्यं. खडा एक दशांश मिलिमीटर जाडीचा घेतला, तर त्याच चौरस सेंटिमीटरखाली पोटातले इलेक्ट्रॉन एकावर सतरा शून्यं. पृष्ठभागाच्या एका इलेक्ट्रॉनमागे पोटातले दहा हजार. पंढरपुरात आषाढीच्या गर्दीत एकाचं बोलणं टिपायला माइक लावावा तशी ही मोजणी. तारा जोडून मोजलं तर ऐकू येतो तो पोटाचा आवाज.

मग २००९ साली पृष्ठभाग दिसला कसा? तो दिसला प्रकाशाच्या साहाय्यानं. स्फटिकावर अतिनील किंवा क्ष-किरणांचा झोत टाकायचा, बाहेर फेकले जाणारे इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात आणि किती ऊर्जेनं येतात ते टिपायचं. ही पद्धत वरच्या मोजक्या अणुथरांतलेच इलेक्ट्रॉन पाहते आणि प्रत्येकाची ऊर्जा वेगळी लिहून ठेवते, त्यामुळे पोटातल्या गर्दीनं ती फसत नाही. त्या चित्रांत पृष्ठभागाची फुलीसारखी रेघ स्वच्छ होती. तिच्या वर, जिथं काहीच नको होतं तिथं, पोटातल्या इलेक्ट्रॉनांचा डागही तितकाच स्वच्छ होता. ज्यांनी चित्रं नीट पाहिली त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, की या पदार्थाला इन्सुलेटर म्हणणं अजून खरं ठरायचं आहे.

०

स्फटिकाची रचना समजायला आपल्याकडे दिवाळीत दारातच साधन असतं: ठिपक्यांची रांगोळी. १५ ते ८ ठिपक्यांची घ्या. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर-खाली एकेक कमी करत आठपर्यंत, आणि प्रत्येक ओळीतला ठिपका आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. प्रत्येक ठिपक्याभोवती सहा शेजारी. बिस्मथ सेलेनाइडचा एक अणुथर नेमका असाच असतो. असे पाच थर एकावर एक, प्रत्येक थर थोडा सरकवून: सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम. या पाचांची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. आतल्या आत ते घट्ट बांधलेले, पण एका पंचकाचं दुसऱ्या पंचकाशी नातं सैल. म्हणून या खड्यावर साधी चिकटपट्टी चिकटवून ओढली, तर वरचे थर निघून येतात आणि खाली कोरा पृष्ठभाग लखलखतो. लाखो रुपयांच्या निर्वात यंत्रांत आजही चिरण्याचं काम अनेकदा याच युक्तीनं होतं.

रांगोळीत एक ठिपका द्यायचा राहिला, तर ती रिकामी जागा. गुलाबी ठिपक्याच्या जागी पिवळा पडला, तर ती अदलाबदल: बिस्मथच्या जागी टेल्युरियम किंवा टेल्युरियमच्या जागी बिस्मथ. संशोधक तिला अँटिसाइट म्हणतात. बिस्मथ टेल्युराइडमध्ये हीच अदलाबदल जास्त, कारण बिस्मथ आणि टेल्युरियम स्वभावानं एकमेकांच्या जवळचे. बिस्मथ टेल्युरियमच्या जागी बसला की इलेक्ट्रॉनांची तूट पडते, उलट झालं की भर पडते. एकाच भट्टीत वाढलेल्या खड्याच्या एका टोकाला तूट आणि दुसऱ्या टोकाला भर, असंही होतं.

हे दोष २००९ साली सापडलेले नाहीत. बिस्मथ टेल्युराइड १९५४ पासून वीज देऊन थंडावा काढण्यासाठी वापरात आहे. इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड यांनी त्याची सुरुवात केली, आणि आज गाडीत ठेवायच्या छोट्या शीतपेटीत तोच पदार्थ असतो. त्या कामात मोकळे इलेक्ट्रॉन हवेच असतात, फक्त मोजून. म्हणून चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्से या गावी रसायनशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं बसून या कुळातल्या स्फटिकांतले अँटिसाइट मोजले, कोणता परका अणू घातला की ते वाढतात, कोणता घातला की घटतात याचे तक्ते केले. टोपोलॉजीचं नाव त्यांच्या निबंधांत नाही. २००९ नंतर जगभरचे तरुण संशोधक तेच जुने निबंध शोधून वाचू लागले. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. फ्रिजसाठी केलेली शिस्तबद्ध मोजदाद काही दशकांनी दुसऱ्याच प्रश्नाच्या कामी आली.

कोणी म्हणेल, मग अधिक काळजीपूर्वक स्फटिक वाढवा, सेलेनियम जास्त घाला. घालतात. त्यानं जागा कमी होतात, संपत नाहीत. याचं कारण कारागिराच्या हातात नाही, उष्णतेच्या नियमात आहे. अणू जागेवरून उपटायला ऊर्जा लागते हे खरं. पण अब्जावधी जागांमधून रिकामी जागा कोणती ठेवायची याचे अब्जावधी पर्याय असतात, आणि तापलेला पदार्थ पर्यायांच्या बाजूनं झुकतो. सातशे अंशांना निर्दोष स्फटिक हा असंख्य मांडण्यांपैकी केवळ एक असतो, थोड्या दोषांचे स्फटिक अगणित. थंड होताना अणूंना जागेवर परतायला वेळ लागतो आणि एका तापमानाखाली ते हलूच शकत नाहीत. मग तापल्या वेळचे दोष आत गोठून राहतात.

०

तेव्हा दोष काढता येत नसेल, तर त्याचा परिणाम काढायचा. प्रिन्स्टनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट कावा हे या क्षेत्रातले नामांकित स्फटिककार. हसन यांच्या गाजलेल्या प्रयोगांतले खडे त्यांच्याच भट्टीतले. त्यांच्या गटानं २००९ साली बिस्मथच्या जागी अगदी थोडं कॅल्शियम घातलं. बिस्मथपेक्षा कॅल्शियमपाशी एक इलेक्ट्रॉन कमी, त्यामुळे सेलेनियमनं सोडलेले जादा इलेक्ट्रॉन त्यात जिरतात. जमाखर्च जुळला.

पण जमाखर्च जुळणं आणि दुकान स्वच्छ असणं यांत फरक आहे. रिकामी जागा तिथंच राहते आणि तिच्यावर धन विद्युतभार असतो. कॅल्शियमवर ऋण. एकूण बेरीज शून्य झाली तरी हे भार मुठीनं फेकल्यासारखे कुठेही पडलेले असतात, कुठे धनांचा घोळका, कुठे ऋणांचा. २०१२ साली अमेरिकेतल्या ब्रायन स्किनर, तिआनरान चेन आणि बोरिस श्क्लोव्हस्की यांनी एक निबंध लिहिला. टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या पोटाचा विद्युतरोध इतका कमी का, हा सरळ प्रश्नच त्याचं शीर्षक होता. त्यांचं उत्तर असं: अशा घोळक्यांमुळे ऊर्जेचा रिकामा पट्टा पदार्थात सपाट न राहता डोंगर-दऱ्यांसारखा वर-खाली होतो. दऱ्यांत इलेक्ट्रॉनांची डबकी साचतात. एका डबक्यातून दुसऱ्यात उडी मारायला पूर्ण पट्टा ओलांडावा लागत नाही. ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बंधारा आहे खरा, पण त्याला जागोजागी खिंडी पडलेल्या.

माझ्या मते या विषयातला सर्वांत प्रामाणिक निबंध हाच. चार-पाच वर्षांच्या उत्साहानंतर कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन सांगितलं, की भर घालून दोष झाकण्याला निसर्गानं मर्यादा घातली आहे.

दुसरा मार्ग जपानमधून आला आणि तो मला जास्त आवडतो. तेव्हा ओसाका विद्यापीठात असलेल्या योइची आंदो यांच्या गटानं २०१० साली रचनाच बदलली. पंचकातला मधला सेलेनियम थर दोन्ही बाजूंनी बिस्मथनं धरलेला असतो, बाहेरचे दोन मात्र सैल फटीकडे तोंड करून असतात. मग बाहेरच्या दोन थरांत सेलेनियमऐवजी टेल्युरियम बसवलं. टेल्युरियम ९८८ अंशांना उकळतं, सहज पळत नाही. सेलेनियमला फक्त मधली, सुरक्षित जागा दिली. दोन बिस्मथ, दोन टेल्युरियम, एक सेलेनियम. ज्याचा जिथं जीव रमतो तिथं त्याला बसवलं की तो जागा सोडत नाही. थंड केल्यावर या स्फटिकाचा विद्युतरोध साध्या बिस्मथ सेलेनाइडच्या हजारपटीहून अधिक निघाला आणि तारा जोडून केलेल्या मोजणीतही पृष्ठभागाचा वाटा वेगळा दिसू लागला. २०११ साली त्यांनीच त्यात अँटिमनीची भर घालून प्रमाण आणखी नेमकं बसवलं. २०१४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात या कुळातल्या स्फटिकाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर क्वांटम हॉल परिणाम मोजला गेला. फॉन क्लिट्झिंग यांच्या त्याच पायऱ्या, पण टोपोलॉजिकल पृष्ठभागावर.

बिस्मथ, टेल्युरियम आणि सेलेनियमची ही जोडणी निसर्गानंही केली आहे. कावाझुलाइट नावाचं खनिज असतं, जपानमधल्या कावाझु खाणीवरून नाव पडलेलं. प्रागजवळ मिळालेला त्याचा एक तुकडा २०१३ साली जर्मन संशोधकांनी चिरून पाहिला, तर त्यावर टोपोलॉजिकल पृष्ठभाग होता. खडकात पडून राहिलेला.

०

मोजणीनं दोषांची संख्या कळते. तोंडओळख करून घ्यायची तर स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप लागतो. अणूइतक्या टोकाची सुई पृष्ठभागापासून अणूभर उंचीवर फिरवायची आणि मधल्या फटीतून झिरपणारा अत्यल्प विद्युतप्रवाह वाचत जायचं. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी झुरिचमध्ये हे यंत्र १९८१ साली केलं, १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं.

या यंत्रातून बिस्मथ सेलेनाइडचा पृष्ठभाग पाहिला की ठिपक्यांच्या रांगोळीवर त्रिकोण उमटलेले दिसतात. काही उजळ, काही काळसर, काही तीन पाकळ्यांच्या पानासारखे. मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट ही, की यांतले बरेच दोष पृष्ठभागावर नसतातच, खाली असतात. अणूंच्या बंधांच्या साखळ्या या स्फटिकात तिरप्या वर येतात. तिसऱ्या किंवा पाचव्या थरात एक अणू नसेल, तर त्या उणिवेची खबर तीन तिरप्या साखळ्यांवरून वर पोहोचते आणि पृष्ठभागावर तीन जागी उमटते. जमिनीत पुरलेल्या तिवईचे तीन पाय तेवढे वर दिसावेत तसं. पायांमधलं अंतर जितकं जास्त तितका दोष खोल. म्हणजे त्रिकोणाची बाजू मोजली की दोष कितव्या थरात आहे ते सांगता येतं, आणि थर कळला की तिथं कोण असायला हवं होतं तेही. संगणकावर एकेका दोषाचं चित्र आधी काढून ठेवतात आणि यंत्रातल्या चित्राशी ताडून पाहतात. सेलेनियमची रिकामी जागा, सेलेनियमच्या जागी बिस्मथ, बिस्मथच्या जागी सेलेनियम: प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

याच यंत्रानं टोपोलॉजीच्या मुख्य दाव्याचीही कसोटी घेतली. या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची दिशा आणि त्याचा स्पिन, म्हणजे त्याचं अंगभूत चुंबकत्व, एकमेकांशी जखडलेले असतात. उलट फिरायचं तर स्पिनही उलटा करावा लागतो, आणि चुंबकत्व नसलेला दोष स्पिन उलटवू शकत नाही. २००९ साली प्रिन्स्टनच्या अली याझदानी यांच्या गटानं बिस्मथ-अँटिमनीच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन-लहरींच्या आपटण्याचे नकाशे काढले. दोषांवर आपटून सरळ मागे येणाऱ्या लहरींची खूण त्यांत नव्हती.

इथं एक खुलासा करणं मला आवश्यक वाटतं. लोकप्रिय लेखांत लिहितात, की या पृष्ठभागावर दोषांचा काहीच परिणाम होत नाही. हे खरं नाही. मनाई आहे ती नेमक्या १८० अंशांच्या माघारीला. तिरपं वळायला मोकळीक आहे आणि इलेक्ट्रॉन तसे वळतात. दोष चुंबकीय असेल, लोखंड किंवा मँगनीजचा अणू असेल, तर संरक्षणाची अटच मोडते. आणि पृष्ठभाग काळाबरोबर बदलतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली बिस्मथ सेलेनाइडचा ताजा चिरलेला पृष्ठभाग तासन्‌तास निरखून त्याचं म्हातारपण नोंदवलं. उत्कृष्ट निर्वात पेटीतही तिथली इलेक्ट्रॉन-अवस्था हळूहळू सरकत जाते, आणि कशी सरकेल ते चिरताना वर सेलेनियम उघडं पडलं की बिस्मथ यावर अवलंबून असतं. गाठ सुटत नाही हे खरं, पण दोरी मळते.

०

आतापर्यंतचे दोष एकेका ठिपक्याचे. दुसरी जात ओळींच्या दोषांची. मक्याचं कणीस सोलून नीट पाहा. दाण्यांच्या ओळी टोकापर्यंत जात असतात आणि मध्येच एखादी ओळ संपते, शेजारच्या दोन ओळी जवळ येऊन पुढे सरकतात. स्फटिकातही अर्धवट संपणारी पातळी असते, तिच्या कडेला डिस्लोकेशन म्हणतात. तिचं दुसरं रूप गोल जिन्यासारखं: एका रेषेभोवती वळसा घातला की आपण एक थर वर पोहोचतो.

या गोल जिन्याच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे. सपाट पृष्ठभागावर नवा थर सुरू व्हायला कठीण, मग स्फटिक इतके सहज वाढतात कसे, या कोड्याला ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक यांनी उत्तर दिलं होतं: जिन्याची पायरी कधीच संपत नाही, अणू तिच्याच कडेला बसत राहतात आणि पृष्ठभागावर सर्पिल उमटतो. लंडन विद्यापीठात सॅम्युएल टोलान्स्की यांच्याकडे काम करणाऱ्या अजित राम वर्मा यांनी १९५१ साली कार्बोरंडमच्या स्फटिकांवर असे सर्पिल सूक्ष्मदर्शकातून टिपले. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. बिस्मथ सेलेनाइडच्या पातळ फिल्म वाढवताना तसेच सर्पिल दिसतात, फक्त त्रिकोणी. गंमत अशी, की २०१२ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की ग्राफीनवर वाढवलेल्या फिल्ममधल्या अशा सर्पिलांच्या मुळाशी डिस्लोकेशन असायलाच हवं असं नाही. खालच्या आधाराच्या पायरीला वाढता थर अडकतो आणि वळसा घेतो.

२००९ सालीच यिंग रान, यी झांग आणि अश्विन विश्वनाथ यांनी बर्कलीतून एक विलक्षण भाकीत केलं. काही टोपोलॉजिकल इन्सुलेटरांमध्ये डिस्लोकेशनची रेषा स्वतःच विजेची तार होईल. पदार्थाच्या पोटातून जाणारी, एका अणूच्या जाडीची, आणि पृष्ठभागासारखंच संरक्षण लाभलेली. सगळ्या पदार्थांत नव्हे. बिस्मथ सेलेनाइडमध्ये गणित ती परवानगी देत नाही, बिस्मथ-अँटिमनीमध्ये देतं. म्हणजे डिस्लोकेशन ही पदार्थाच्या गाठीची परीक्षा घेण्याची जागा झाली. २०१९ साली इस्राएलच्या वाइझमान संस्थेत हीच परीक्षा शुद्ध बिस्मथवर घेतली गेली. बिस्मथची गाठ कोणत्या जातीची याबद्दल दोन मतं होती. पृष्ठभागावरच्या अणूभर उंच पायरीच्या कडेनं एक वाहती अवस्था जाते, ती गोल जिन्याच्या डिस्लोकेशनपाशी पोहोचल्यावर काय करते, एवढंच संशोधकांनी सुईनं पाहिलं. ती तुटली नाही, डिस्लोकेशनला बांधली गेली. त्यावरून गाठीच्या एका अंगाचा निकाल लागला, आणि बिस्मथ दोन जातींच्या सीमेवर उभा आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. निर्दोष स्फटिक घेतला असता तर हा निकाल मिळालाच नसता.

०

दोष मुद्दाम पेरायचीही एक परंपरा सुरू झाली आहे. २०१३ साली बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात श्वे छिखुन यांच्या गटानं बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या फिल्ममध्ये क्रोमियम पेरून तिला चुंबक केलं आणि बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढून टाकल्यावरही २५,८१२.८ ओहमचा आकडा मिळवला. जुनं स्वप्न पुरं झालं. पण त्यासाठी तापमान लागलं ०.०३ केल्विन, निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकलेलं. फिल्म चुंबक होते ती काही केल्विनलाच, मग आकडा तिथंच का मिळू नये? २०१५ साली शेमस डेव्हिस यांच्या गटानं सुईनं नकाशा काढला, तेव्हा उत्तर दिसलं. क्रोमियमचे अणू एकसारखे पसरलेले नव्हते. कुठे दाट, कुठे विरळ, त्यामुळे ऊर्जेचा पट्टाही जागोजागी वेगळ्या रुंदीचा.

त्यावर उपाय म्हणून चुंबकीय अणू भेसळीसारखा न पेरता त्याला स्फटिकातच हक्काचा थर देणारा पदार्थ २०१९ साली पुढे आला: मँगनीज, बिस्मथ आणि टेल्युरियमचा, सात-सात थरांचा. २०२० साली शांघायच्या फुदान विद्यापीठात त्याच्या पाच पदरी पापुद्र्यात तो आकडा क्षेत्राविना १.४ केल्विनला मिळाला. मोठी झेप. पण त्या पदार्थातही मँगनीज आणि बिस्मथ आपापल्या जागा अदलाबदल करतात, शंभर जागांत काही, आणि एका भट्टीतला खडा दुसरीतल्या खड्यासारखा वागत नाही. म्हणजे आपण पुन्हा क्वार्ट्झच्या नळीपाशी येऊन उभे आहोत.

हे काम आपल्याकडेही चालतं. मुंबईची टाटा संस्था, पुण्याची आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, अशा ठिकाणी भट्ट्या आहेत आणि तिथं एकस्फटिक वाढवले जातात. पण बीएस्सी, एमएस्सी करणाऱ्या मुलांशी बोलताना मला जाणवतं, की टोपोलॉजीचं नाव ऐकून सगळ्यांना सिद्धांताकडे जायचं असतं. स्फटिक वाढवणं हे पूर्ण आयुष्य देण्याजोगं काम आहे, याची त्यांना कल्पनाच नसते. ज्यांच्या घरात विज्ञान शिकणारं कोणी असेल त्यांना माझी विनंती आहे: आधी रीतसर विचारून, त्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या स्फटिक-प्रयोगशाळेत घेऊन जा आणि बंद नळी भट्टीत उतरवताना एकदा पाहू द्या.